दूरदेशीची सून

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात आम्ही दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यानंतरची छत्तीस वर्षांची प्राथमिक शाळेतील मास्तरकी, एवढीच आमची शिदोरी. या छत्तीस वर्षांत आफ्रिका खंडाचा नकाशा आम्ही फळ्यावर शेकडो वेळा काढला असेल. खाली दक्षिणेकडे कालाहारीचे वाळवंट आम्ही खडूच्या ठिपक्यांनी दाखवीत असू आणि पुढच्या धड्याकडे वळत असू. त्या ठिपक्यांच्या जागी माणसे राहतात, त्यांनाही आपल्यासारखी जमात आहे, पंच आहेत, रुसणारे काका आणि हट्टी पुतणे आहेत, हे आम्हांस सेवानिवृत्तीनंतर कळले. ते कसे कळले आणि त्याचा आपल्या ज्ञातीशी काय संबंध, हेच आज निवेदन करावयाचे आहे.

प्रारंभ आपल्या घरापासूनच करू. आपले मंडळ ठराविक वर्षांनी ज्ञातीतील कुटुंबांची सूची प्रसिद्ध करते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपल्या तालुक्याची माहिती जमा करण्याचे काम गेली वीस वर्षे आमच्याकडे आहे. नाव, शिक्षण, व्यवसाय, पत्नी व तिचे माहेर, अपत्ये, असे त्यात रकाने असतात. मागील सूची ज्यांच्या घरी असेल त्यांनी आमच्या तालुक्याची पाने अवश्य चाळून पाहावी. एका तरुण अभियंत्याच्या नावापुढे शिक्षण आहे, व्यवसाय आहे, परगावचा पत्ताही आहे. परंतु पत्नीचा रकाना कोरा आहे आणि अपत्यांचाही कोरा आहे. वाचणारास वाटावे की गृहस्थ अविवाहित आहेत. वस्तुतः तेव्हा त्यांचा विवाह होऊन चार वर्षे झाली होती आणि घरात दोन वर्षांची कन्या होती. तो रकाना छापखान्याच्या चुकीने कोरा राहिलेला नाही. तो आम्ही कोरा ठेवला. ते गृहस्थ म्हणजे आमचे पुतणे.

आमचे धाकटे बंधू अकाली वारले, तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता. त्यास आम्ही वाढविले, शिकविले. पुढे तो उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेला आणि तेथेच नोकरीस लागला. नऊ वर्षांपूर्वी त्याचे पत्र आले की, आपण एका मुलीशी विवाह करण्याचे ठरविले आहे. ती परिचारिका आहे. तिचे आईवडील जमैका बेटातून इंग्लंडात येऊन स्थायिक झाले. ती वर्णाने काळी आहे. काका, आपण आशीर्वाद द्यावा, अशी विनंती पत्राच्या शेवटी होती. आम्ही त्यास चार ओळींचे उत्तर लिहिले. त्या ओळी येथे सांगण्यासारख्या नाहीत. आमच्या भावजयीची लग्नास जाण्याची फार इच्छा होती. पण आमच्या शब्दाबाहेर ती माउली गेली नाही. एकुलत्या एका मुलाच्या डोक्यावर अक्षता टाकण्याचे तिचे भाग्य आमच्या त्या चार ओळींनी हिरावून घेतले.

सात वर्षे अशी गेली. दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात पुतणे सहकुटुंब घरी आले. आमची सूनबाई ओट्यावर पाय ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबली आणि तिने वाकून आम्हांस नमस्कार केला. पाच वर्षांची नात तिच्या मागे उभी होती. तिचे केस दाट आणि कुरळे. आपल्याकडील फणी त्यांतून जाईना. दुसऱ्या दिवशी पाहतो तो सूनबाई सासूला ते केस कसे विंचरावे हे दाखवीत आहे आणि सासू खोबरेल तेलाची वाटी घेऊन दोन तास नातीच्या वेण्या घालीत आहे. एके दिवशी सूनबाईने नारळाच्या रसात राजमा व तांदूळ शिजवून तिच्या माहेरचा भात केला. भावजय म्हणाली, ‘‘हा तर आपला नारळीभातच, गूळ तेवढा राहिला.’’

त्याच दिवसांत एक शेजारी आरतीस आले आणि मुलीकडे पाहून त्यांनी आम्हांस विचारले, ‘‘मास्तर, ही पोर कोणाची?’’ प्रश्न साधा होता. आम्ही छत्तीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले आणि उत्तर न देणाऱ्यांस उभे केले. त्या क्षणी आमच्याच तोंडून उत्तर निघाले नाही. माजघरातून भावजयीचा आवाज आला, ‘‘आमची! दुसऱ्या कोणाची असणार?’’

परत जाताना सूनबाईने आम्हांस एक जाड इंग्रजी पुस्तक दिले. आमचे इंग्रजी बेताचे. कोश जवळ घेऊन ते वाचण्यास आम्हांस दोन महिने लागले. त्यात कालाहारीच्या प्रदेशातील एका राजकुळाची हकीकत होती. ती आम्ही आता थोडक्यात सांगतो.

आज ज्या देशास बोट्स्वाना म्हणतात, तो पूर्वी बेचुआनालँड या नावाने ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता. तेथील बामांग्वाटो ही एक मोठी जमात. सेरोवे हे तिचे मुख्य गाव. या जमातीचे प्रमुखपद खामा घराण्याकडे होते. १९२५ साली प्रमुख वारले, तेव्हा त्यांचे पुत्र सेरेत्से अवघे चार वर्षांचे होते. काका चेकेडी यांनी पुतण्याच्या वतीने कारभार हाती घेतला, त्याचे पालनपोषण केले आणि त्यास उच्च शिक्षणासाठी ऑक्सफर्डला व पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला पाठविले. तेथे १९४७ साली सेरेत्से यांची रूथ विल्यम्स नावाच्या गोऱ्या तरुणीशी ओळख झाली. महायुद्धाच्या काळात तिने विमानदलाच्या महिला विभागात सेवा केली होती आणि आता ती एका कचेरीत कारकून होती. २९ सप्टेंबर १९४८ रोजी दोघांनी लंडनमध्ये नोंदणी पद्धतीने विवाह केला. कारण ठरलेला चर्चमधील विवाह धर्माधिकाऱ्यांनी होऊ दिला नाही.

या विवाहास विरोध दोन्हीकडून झाला. वधूच्या पित्यास काळा जावई नको होता आणि वराच्या काकास गोरी सून नको होती. येथे आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कमीपणा कातडीच्या रंगात असता, तर दोघांपैकी एकच पक्ष नाराज झाला असता! ज्याने त्याने आपल्या कुंपणाबाहेरचा रंग तेवढा खोटा मानला होता.

चेकेडी हे दुष्ट गृहस्थ नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ते कर्तबगार, करारी आणि प्रजाहितदक्ष होते. त्यांचे म्हणणे असे की, प्रमुखाची पत्नी ही साऱ्या जमातीची माता. तिची निवड जमातीस विचारल्यावाचून कशी होऊ शकते? हा युक्तिवाद आपणांस परका वाटू नये. ‘लग्न दोघांचे नसते, दोन घरांचे असते’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण हेच म्हणत असतो. आमच्या त्या चार ओळींतही दुसरे काही नव्हते.

त्यांच्या जमातीची जाहीर सभा भरते, तीस खोत्ला म्हणतात. या प्रश्नावर आठ महिन्यांत तीन वेळा सभा झाली. नोव्हेंबर १९४८ मधील पहिल्या सभेत बहुसंख्य वक्ते विवाहाच्या विरुद्ध बोलले. डिसेंबरमध्ये पुन्हा सभा झाली. जून १९४९ मध्ये तिसरी सभा भरली, तेव्हा सेरेत्से यांनी विचारले की, आपल्या पत्नीसह आपला स्वीकार करण्यास कोणाचा विरोध आहे? त्यांनी उभे राहावे. सुमारे चाळीस माणसे उभी राहिली. मग त्यांनी अनुकूल असणाऱ्यांस उभे राहण्यास सांगितले, तेव्हा हजारो लोक एकदम उठून उभे राहिले. या आठ महिन्यांत रूथ यांचा वर्ण पालटला नव्हता. लोकांनी विचार केला, एकमेकांशी बोलले, आणि त्यांनी मत पालटले. मत पालटणे ही नामुष्की आहे असे त्या साध्या गुराखी लोकांस वाटले नाही.

जमातीने स्वीकारले, तेथेच हे प्रकरण संपावयाचे. पण आता सरकार आडवे आले. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी पक्ष १९४८ साली सत्तेवर आला होता आणि १९४९ साली तेथे गोऱ्यांचा इतर वर्णीयांशी विवाह कायद्याने निषिद्ध झाला. शेजारच्या राज्यात काळा प्रमुख आणि गोरी राणी नांदत आहेत, हे त्यांस सहन होईना. ब्रिटिश सरकारास दक्षिण आफ्रिकेचे सोने व युरेनियम हवे होते. चौकशी समिती नेमली गेली; सेरेत्से हे प्रमुखपदास सर्वस्वी लायक आहेत, अडचण केवळ या विवाहाची, असा तिचा आशय असल्याने अहवाल अनेक वर्षे दडवून ठेवण्यात आला. १९५० साली सेरेत्से यांना चर्चेच्या निमित्ताने लंडनला बोलावून स्वदेशी परतण्यास बंदी केली. त्या वेळी रूथ सेरोवे येथे होत्या आणि त्यांना दिवस गेले होते. पहिली कन्या तिकडे जन्मली. पुढे हे कुटुंब इंग्लंडात हद्दपारीत राहिले.

बंधुभगिनींनो, ज्या १९४९ साली दक्षिण आफ्रिकेने हा कायदा केला, त्याच वर्षी आपल्या देशाने नेमका उलट कायदा केला. भिन्न जातींच्या हिंदूंमधील विवाह वैध ठरविणारा तो कायदा. पुढे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म कोणताही असो, विवाहाचा मार्ग मोकळा केला. सरकारने आपले दार तेव्हाच उघडले. घराचे दार मात्र सरकारला उघडता येत नाही. त्याची कडी आतून असते.

आता काका-पुतण्यांकडे पुन्हा वळू. हद्दपारीच्या काळात चेकेडींचे मन हळूहळू निवळले. पुतण्यास स्वदेशी येऊ द्यावे म्हणून त्यांनी स्वतः खटपट केली. १९५६ साली दोघांनी प्रमुखपदावरील हक्क सोडला आणि सेरेत्से पत्नी व मुलांसह सामान्य नागरिक म्हणून परत आले. १९५८ साली त्यांस जुळे पुत्र झाले. त्यांतील एकाचे नाव त्यांनी काय ठेवले असेल? चेकेडी! ज्या काकांनी सून नाकारली, त्यांचेच नाव त्या सुनेच्या पोटच्या मुलास दिले गेले. त्यापुढचे एक वाक्य वाचून आमच्या डोळ्यांस पाणी आले. काका चेकेडी १९५९ च्या जूनमध्ये वारले. १९४८ ते १९५६ ही आठ वर्षे दुराव्यात गेली, आणि एकत्र नांदण्यास काका-पुतण्यांना जेमतेम तीन वर्षे मिळाली.

पुढील इतिहास सुखाचा आहे. सेरेत्से यांनी पक्ष स्थापिला, १९६५ च्या निवडणुकीत तो विजयी झाला, आणि ३० सप्टेंबर १९६६ रोजी बोट्स्वाना स्वतंत्र होऊन ते पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्या देशाचा ध्वज फिकट निळा आहे. निळा रंग पाण्याचा, कारण कालाहारीच्या माणसास पावसाहून मोठे दैवत नाही. मध्यभागी काळा पट्टा असून त्याच्या दोन्ही कडांस पांढऱ्या रेघा आहेत. काळ्या-गोऱ्यांनी सलोख्याने नांदावे, हा त्यांचा अर्थ. सेरेत्से १९८० साली निवर्तले. रूथबाई माहेरी परतल्या नाहीत. २००२ साली त्यांचा देहान्त झाला आणि सेरोवे येथे पतीच्या जवळ त्यांस चिरविश्रांती मिळाली. हद्दपारीत जन्मलेले त्यांचे ज्येष्ठ पुत्र इयान हे १९७९ साली जमातीचे प्रमुख झाले आणि २००८ ते २०१८ या काळात राष्ट्राध्यक्षही होते. ज्या विवाहाने घराण्याचे वारसपद बुडेल असे भय होते, त्याच विवाहाच्या पुत्रास जमातीने आपला प्रमुख म्हणून मान दिला.

कोणी म्हणेल, ही परदेशची गोष्ट झाली. तर महाराष्ट्राशी निगडित असे एक उदाहरण सांगतो. इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. त्यापूर्वी नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला हिंदू धर्माची दीक्षा दिली. तिचे नाव शर्मिष्ठा ठेवण्यात आले आणि होळकरांच्या ज्ञातीत तिचा समावेशही करून घेण्यात आला. म्हणजे वाट काढावी असे मनात आले, की शास्त्रातही वाट सापडते आणि ज्ञातीतही सापडते! मात्र राजासाठी जी वाट सापडली, ती मास्तराच्या पुतण्यासाठी सापडू नये, हे न्यायाचे नव्हे. आणि दुसराही एक प्रश्न आम्ही स्वतःस विचारला: सूनबाई गोरी असती, तर आम्ही त्याच चार ओळी लिहिल्या असत्या काय? उत्तर सुखकारक नाही. आपल्याच अंकांतील वधूवरांच्या जाहिराती पाहाव्या. ‘गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे’ हे शब्द आपल्या मुलींविषयीच आपण वर्षानुवर्षे छापीत आलो. ज्याला घरच्या सावळ्या लेकीचा रंग खुपतो, त्याला परक्याच्या लेकीचा खुपावा यात नवल ते काय?

काळ पालटतो, याविषयी आम्हांस शंका नाही. अमेरिकेत रिचर्ड व मिल्ड्रेड लव्हिंग या दांपत्यास वर्णभिन्न विवाहाबद्दल त्यांच्या राज्याच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली होती; १९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे सर्व कायदे रद्द केले. गॅलप या संस्थेने १९५८ साली लोकमत अजमाविले, तेव्हा गोरे व इतर वर्णीय यांच्या विवाहास शंभरांतील चौघांची संमती होती. २०२१ साली तीच संख्या ९४ झाली. चारापासून चौऱ्याण्णवपर्यंत येण्यास ६३ वर्षे लागली. हा आकडा पाहून आम्हांस प्रथम आनंद झाला आणि मागाहून वाईट वाटले. ६३ वर्षांत किती आजोबा नातवंडांचे तोंड न पाहता गेले असतील! काहींची मते पालटली असतील. काही जण मत न पालटताच निघून गेले असतील. पुढची पिढी सुधारेल असे म्हणून आपण हात जोडून बसतो, तेव्हा त्याचा खरा अर्थ असा की, आमच्या मरणाची वाट पाहा! बंधूंनो, आपल्या मरणाने घरात समेट व्हावा, यापेक्षा आपल्या जगण्याने तो व्हावा, हे अधिक शोभादायक नाही काय?

ज्ञातीचे काय होणार, अशी चिंता काही वडीलधाऱ्यांस वाटत असेल. ती चिंता आम्हांसही आहे. नाहीतर वीस वर्षे आम्ही दारोदार फिरून ही सूची भरली नसती. आपल्या मंडळाने गरीब मुलांस पुस्तके दिली, विधवांस साहाय्य केले, शहरात शिकणाऱ्यांस निवारा दिला. असे हे आपले घर आहे. घरात एक माणूस अधिक आल्याने घर मोडत नाही; घरचा मुलगा बाहेर राहिल्याने मात्र ते रिकामे होते. त्या कोऱ्या रकान्याने आमच्या सूनबाईचे काही अडले नाही. ती इंग्लंडात रुग्णांची सेवा करून सन्मानाने जगते आहे. उणेपणा आला तो आमच्या वहीस.

आम्ही येथे ठराव मांडीत नाही आणि मतेही मागत नाही. चेकेडींना आठ वर्षे लागली, आम्हांस सात लागली. दुसऱ्यास आजच्या आज पालटा असे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. कार्यकारी मंडळास एवढीच नम्र विनंती की, नव्या सूचीत ज्यांचे विवाह ज्ञातीबाहेर, प्रांताबाहेर वा देशाबाहेर झाले आहेत, त्यांच्या पत्नींची, पतींची व मुलांची नावे इतरांप्रमाणेच, त्याच टाइपात, कोणतीही खूण न करता छापावी. अशी कुटुंबे आपल्या तालुक्यातही आहेत. कोणाची कन्या, कोणाचा नातू. आपण सारे जाणतो आणि कोणी बोलत नाही.

आमच्या तालुक्याची वही आम्ही येताना बरोबर आणली आहे. पुतण्याच्या नावापुढील रकाना काल रात्री आम्ही स्वहस्ते भरला. पत्नीचे नाव लिहिले, माहेराच्या जागी ‘जमैका, हल्ली लंडन’ असे लिहिले आणि अपत्यांच्या रकान्यात नातीचे नाव लिहिले. अक्षर जरा कापरे आले आहे. परंतु छापखान्यास वाचता येईल. ती वही आम्ही अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करीत आहोत. गणपतीत नात पुन्हा येणार आहे. कोणी शेजारी ‘ही पोर कोणाची?’ असे विचारील, तर या खेपेस माजघरातून आवाज येण्याची वाट आम्ही पाहणार नाही.